अवकाशयुग आणि अमेरिकेतील रस्त्याकाठची उपाहारगृहे

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात रस्त्याकाठी जी उपाहारगृहे उभी राहिली, त्यांची छपरे विमानाच्या पंखांप्रमाणे वर उचललेली असत. उंच पाट्यांवर नियॉन दिव्यांच्या तारका चमकत. ह्या वास्तुशैलीस ‘अवकाशयुगीन’ हे विशेषण सर्रास लाविले जाते. ते कितपत यथार्थ आहे, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

प्रथम कालक्रम पाहू. लॉस अँजेलिसच्या सनसेट बूलेव्हार्डवरील ‘गूगीज’ हे जॉन लॉटनर ह्या वास्तुकाराने रचलेले उपाहारगृह १९४९ चे. त्यावरूनच डग्लस हॅस्केल ह्या समीक्षकाने १९५२ साली ह्या शैलीस काहीशा उपहासाने ‘गूगी’ हे नाव दिले. डाउनी येथील मॅक्डोनल्ड्सच्या इमारतीस स्टॅन्ली मेस्टन ह्याने १९५३ साली पिवळ्या कमानींची जोड दिली. रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला तो मात्र ४ ऑक्टोबर १९५७ रोजी! तेव्हा उपग्रहामुळे ही शैली जन्मली, असे म्हणता येत नाही.

तिचे मूळ कारण मोटार हे होय. वेगाने जाणाऱ्या चालकाचे लक्ष वेधण्यास दुकानदाराच्या हाती काही क्षणच असत. इमारत ठेंगणी, सभोवार मोटारी उभ्या करण्याचे विस्तीर्ण आवार. अशा स्थितीत छपरानेच पाटीचे काम करणे प्राप्त होते. मोठ्या काचांमुळे रात्री आतील उजेड व वर्दळ रस्त्यावरून दिसे. लुई आर्मेट व एल्डन डेव्हिस ह्यांनी रचलेल्या ‘नॉर्म्स’च्या १९५७ मधील इमारतीत हे सर्व विशेष एकत्र आढळतात.

मग अवकाशयुगाचा वाटा कोणता? जेट विमाने व अग्निबाण ह्यांनी भविष्याविषयी जे कुतूहल निर्माण केले होते, त्याने ह्या व्यापारी गरजेस रूप व अर्थ दिला. सामान्य कुटुंबास कॉफीच्या पेल्यासह त्या भविष्यात घटकाभर बसता येई. परंतु हे नाते अतूट नव्हते. १९६९ साली मनुष्य चंद्रावर उतरला. त्याच सुमारास मॅक्डोनल्ड्सने कमानींच्या इमारती सोडून विटांच्या भिंती व उतरती छपरे स्वीकारण्यास आरंभ केला होता. अवकाशातील पराक्रम कळसास पोहोचत असता रस्त्यावरील अभिरुची घरगुती वळणाकडे परतली.

व्यापारी म्हणून ह्या वास्तूंची विद्वानांनी दीर्घकाळ उपेक्षा केली. खुद्द ‘गूगीज’ १९८९ मध्ये पाडण्यात आले. ‘नॉर्म्स’च्या उपरोक्त इमारतीस मात्र लॉस अँजेलिस नगराने २०१५ साली ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. प्रासाद व देवालये ह्यांवरून सत्ता व श्रद्धा ह्यांचा इतिहास कळतो. सामान्य माणसाने भविष्य कसे कल्पिले होते, हे जाणण्यास मात्र अशी साधी उपाहारगृहेच साधन ठरतात. ती नष्ट झाल्यास तो पुरावाही नष्ट होईल.