संकेतस्थळ-देखभाल (लहान व्यवसायांची) : चोपडा

दुकान, रोपवाटिका, जिनिंग, कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय अशा लहान व्यवसायाचे संकेतस्थळ चालू राहावे, त्यावरचा मजकूर खरा राहावा आणि ते परक्या हातात जाऊ नये यासाठी ठरलेल्या दिवशी करायची कामे. डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि होस्टिंग (इंटरनेटवरची जागा) यांचे नूतनीकरण, अपडेट, बॅकअप, दरांची आणि फोन नंबरांची तपासणी, आलेल्या चौकशीला उत्तर ही त्यांतली मुख्य कामे होत. संकेतस्थळ एकदा बनते. देखभाल मात्र रोजकीर्दीसारखी लिहीत राहावी लागते.

चोपडा हा जळगाव जिल्ह्यातला, तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला केळी-कापसाचा तालुका. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परगावचा खरेदीदार बागेपर्यंत येण्याआधी फोनवर नाव शोधतो, तेव्हा त्याला पहिले दर्शन घडते ते संकेतस्थळाचे. गुगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर पूर्वी एकपानी संकेतस्थळ फुकट मिळत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने ही सोय बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता गुगलवरच्या नोंदीकडे वळत होता, नंतर तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता पाटीवर, बिलबुकावर आणि पिशव्यांवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. स्वतःचे नाव विकत घेणे आणि ते टिकवणे ही देखभालीची पहिली पायरी ठरते ती यामुळे.

मालकी. तालुक्याच्या गावात संकेतस्थळ बंद पडते ते बहुतेक वेळा मुदत संपल्याने. चोर-हॅकरांचा नंबर त्यानंतरचा. ओळखीच्या मुलाने ते बनवलेले असते, डोमेन त्याच्याच ईमेलवर घेतलेले असते. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो. 'डॉट कॉम'सारख्या नावांची मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी विक्रेत्याने आठवण पाठवणे बंधनकारक आहे, पण ती आठवण त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडते. पैसे न भरल्यास नाव आधी थांबते, मग जादा आकार भरून सोडवून घ्यावे लागते, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर ते कोणालाही घेण्यास मोकळे होते. पंधरा वर्षांची ओळख अशी एका न वाचलेल्या ईमेलपायी जाते, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे. म्हणून डोमेन, होस्टिंग आणि ॲडमिन लॉगिन तिन्ही मालकाच्या ईमेलवर व मोबाइलवर असावीत. कारागिराला त्याच्या कामापुरते वेगळे लॉगिन द्यावे.

'डॉट इन' नावांची नोंदणी निक्सी ही संस्था सांभाळते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' हे नावही घेता येते. दोन्ही घेतली असतील तर दोन्हींच्या तारखा सांभाळाव्या लागतात. दिवाळीत नवी वही पुजताना तिच्या पहिल्या पानावर या तारखा लिहून ठेवणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची पद्धत होय.

मजकूर. शहरी सल्ल्यात महिन्याचे वेळापत्रक सांगतात. इथे हंगामाचे लागते. केळी रोपवाटिकेच्या पानावर लागवडीच्या दोन हंगामांपैकी मृगबागेची नोंदणी जूनच्या आधी आणि कांदेबागेची ऑक्टोबरच्या आधी बदललेली हवी. कांदेबागेची रोपे निघत असताना पानावर 'मृगासाठी बुकिंग सुरू' असेच दिसत असेल, तर शेतकरी फोन न करता पुढच्या दुकानाकडे वळतो. बीटी कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. २०२४-२५ मध्ये ती ८६४ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ९०१. जुना आकडा पानावर राहिला की काउंटरवर वाद होतो, आणि त्या वादात दुकानदाराची बाजू लंगडी पडते. रोज बदलणारे केळीचे किंवा सोन्याचे भाव रोज भरायला माणूस नसेल तर ते संकेतस्थळावर टाकूच नयेत. तिथे फोन नंबर पुरे.

तपासणी दुकानाच्या वायफायवर करू नये. अडावद किंवा लासूरच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर, मोबाइल डेटावर पान उघडून पाहावे. नंबरवर बोट ठेवताच फोन लागतो का, नकाशा जुन्या गाळ्यावर तर नेत नाही ना, चौकशीचा फॉर्म भरला तर तो कोणाच्या ईमेलमध्ये पडतो, हे पाच मिनिटांत कळते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असा गुगलचा निकष आहे. फोनने काढलेला घडाचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दोनशे केबीपर्यंत लहान केल्याशिवाय चढवू नये. युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मराठी मजकूर शोधात सापडत नाही, तो एकदाच बदलून घ्यावा.

सुरक्षा. जगातली चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ऑक्टोबर २०१३ च्या आवृत्तीपासून त्याचे लहान सुरक्षा-अपडेट आपोआप होतात, पण प्लगइन (जोड-सोयी) आणि थीम (मांडणी) यांच्याकडे स्वतः पाहावे लागते. वापरात नसलेले प्लगइन बंद करून न थांबता काढूनच टाकावे. पत्त्याच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र, म्हणजे एसएसएल, संपले की ब्राउझर मोठा इशारा दाखवतो आणि गिऱ्हाईक माघारी फिरते. या प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस, अशी उतरत जाणार आहे. वर्षातून एकदा हाताने ते बसवण्याचा काळ सरला; होस्टिंगवाल्याकडून ते आपोआप नवे होते का, एवढे विचारून घ्यावे.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही जातो. एक प्रत दुकानाच्या संगणकावर आणि एक बाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर असावी. सहा महिन्यांतून एकदा ती दुसरीकडे उघडून पाहावी; अनेकदा फाइल असते, पण आत फोटोंचे फोल्डर रिकामे निघते.

घुसखोरी झाल्यास आधी संकेतस्थळ थांबवावे, मग पासवर्ड बदलावेत. पैसे भरण्याचा क्यूआर कोड बदललेला आढळला आणि गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत कळवायची असते.

नेमणूक. खान्देशात सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचे) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते: काम कोणते, मोबदला किती, सुट्ट्या कोणत्या. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याशीही तशीच बोली करावी. अपडेट किती दिवसांनी, बॅकअप कुठे, बंद पडल्यास किती तासांत उत्तर, आणि काम सोडताना कोणती लॉगिन परत द्यायची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. तो कागद वहीत, डोमेनच्या तारखांशेजारी लावून ठेवावा.