दंगलीनंतरचा कॅमेरा

दंगल शमते. रस्त्यावरच्या काचा झाडून होतात, दुकानांची फळ्यादारे पुन्हा उघडतात. मग दुसरी लढाई सुरू होते. जे घडले ते जगाला कोणी सांगायचे? पोलिसांनी, मंत्र्यांनी, वर्तमानपत्रांनी, की ज्यांच्या मोहल्ल्यात ते घडले त्यांनी? हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. पण ब्रिटनमधल्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी १९८०च्या दशकात त्याला जे उत्तर दिले, ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून ती हकीकत आम्ही येथे मांडत आहोत.

एप्रिल १९८१ मध्ये लंडनचा ब्रिक्स्टन भाग पेटला आणि त्या उन्हाळ्यात इतर शहरांतही असंतोष उफाळला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसले ते दगड फेकणारे काळे हात आणि ढाली घेतलेले पोलीस. वेस्ट इंडीज, आफ्रिका आणि आपल्या उपखंडातून तिकडे गेलेल्या लोकांची मुले आता मोठी झाली होती. पडद्यावर आपण एक तर गुन्हेगार, नाही तर विनोदाचा विषय, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. त्या काळी तेथे ‘ब्लॅक’ हा शब्द केवळ कातडीच्या रंगाचा नव्हता. आशियाई कार्यकर्तेही तो स्वतःसाठी अभिमानाने वापरत.

१९८२ साली तंत्रज्ञांची कामगार संघटना, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि नवी वाहिनी चॅनल फोर यांच्यात एक करार झाला. किमान चार पूर्णवेळ, पगारी सभासद असलेल्या आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या चित्रपट गटांना त्यातून मान्यता व पैसा मिळू लागला. या गटांना ‘वर्कशॉप’ म्हणत. नुसता चित्रपट काढून त्यांचे काम संपत नसे. तो लोकांपर्यंत नेणे, त्यावर चर्चा घडवणे, वस्तीतल्या मुलांना कॅमेरा शिकवणे हेही त्यांचेच काम. लंडनच्या महानगर परिषदेनेही अशा गटांना हातभार लावला. जॉन अकोम्फ्रा, लीना गोपाल आदींची ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह, आयझॅक ज्युलियन यांची सांकोफा, मेनेलिक शबाझ यांची सेडो आणि आशियाई तरुणांची रीटेक या संस्था याच काळात उभ्या राहिल्या.

सप्टेंबर १९८५ मध्ये बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात दंगल उसळली. डाकघराला लागलेल्या आगीत दोन आशियाई भाऊ मरण पावले. काळे विरुद्ध आशियाई, अशी सोपी मांडणी करायला अनेकांना निमित्तच मिळाले. पुढच्याच महिन्यात लंडनच्या टॉटनहॅममध्ये पोलीस घराची झडती घेत असताना सिंथिया जॅरेट ही कृष्णवर्णीय महिला कोसळून मरण पावली आणि तेथेही आगडोंब उसळला. ब्लॅक ऑडिओच्या मंडळींनी १९८६ साली ‘हँड्सवर्थ साँग्ज’ हा सुमारे एक तासाचा माहितीपट काढला. त्यात त्यांनी ‘दोषी कोण’ याचा निवाडा दिला नाही. वृत्तपटांच्या कपाटातून जुनी दृश्ये बाहेर काढली: बोटीतून उतरणारे, इस्त्रीचे कपडे घातलेले, डोळ्यांत उमेद असलेले स्थलांतरित, कारखान्यांतले मजूर, जुनी छायाचित्रे. ती आजच्या धुराशेजारी ठेवली. दंगलीचे मूळ एका रात्रीत नसते, त्यामागे मोडलेल्या वचनांची वर्षे असतात, हे सांगायला त्यांना एवढे पुरेसे होते.

या चित्रपटावर जानेवारी १९८७ मध्ये ‘गार्डियन’ दैनिकात वाद रंगला. टीकाकार होते सलमान रश्दी. त्यांच्या नावाभोवतीचे पुढचे वादळ अजून उठायचे होते. हँड्सवर्थच्या माणसांचे स्वतःचे आवाज यात ऐकू येत नाहीत, तीच ठरावीक भाषा ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे. विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिले की, ही मुले जुन्या साच्यातून सुटून नवी भाषा शोधत आहेत, हा प्रयत्न ओळखायला हवा. आम्हाला हा वाद मोलाचा वाटतो. कारण येथे चर्चा ‘आमची बदनामी झाली’ एवढ्यावर थांबली नाही. आपली गोष्ट आपण कशी सांगावी, यावर झाली.

घरातूनही विरोध झाला. रीटेकच्या ‘मझधार’ (१९८४) या चित्रपटात लग्न होऊन लंडनला आलेली एक पाकिस्तानी तरुणी आहे. नवरा तिला सोडून जातो आणि तिला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. बिरादरीतल्या काहींना हे रुचले नाही. आधीच लोक आपल्याकडे वाईट नजरेने पाहतात, त्यात आपणच आपले दोष का दाखवायचे? ही तक्रार आमच्याही ओळखीची आहे. पण नुसती गोंडस तसबीर काढणे म्हणजे दुसऱ्या बाजूने खोटे बोलणेच नव्हे काय?

सरकारी व्यवस्थेच्या पैशाला मर्यादाही होत्या. टॉटनहॅमच्या घटनेवर सेडोने काढलेल्या ‘द पीपल्स अकाउंट’मध्ये पोलिसांवर थेट आरोप होते. प्रसारण नियंत्रकांनी बदल मागितले, गटाने ते नाकारले आणि ठरलेले प्रसारण झाले नाही. १९८६ मध्ये महानगर परिषद बरखास्त झाली. १९९०च्या सुमारास चॅनल फोरनेही हात आखडता घेतला. ब्लॅक ऑडिओने १९९३ साली माल्कम एक्स यांच्यावर चित्रपट काढला. १९९८ मध्ये ही संस्था बंद झाली.

मग सारे फुकट गेले काय? ऑगस्ट २०११ मध्ये टॉटनहॅममधूनच पुन्हा दंगली पेटल्या, तेव्हा लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने ‘हँड्सवर्थ साँग्ज’ मुद्दाम दाखवला. पंचवीस वर्षांपूर्वीचा चित्रपट जणू त्या आठवड्यात काढल्यासारखा होता. २०२४ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व जॉन अकोम्फ्रा यांनीच केले.

पडद्यावर आपल्यातला एखादा भला माणूस दिसला की आपण समाधान मानतो. या तरुणांनी त्याहून अधिक मागितले: कॅमेरा, संकलनाचे टेबल, पोटापुरता पगार आणि स्वतःच्या लोकांशीही खरे बोलण्याची मुभा. संस्था बंद पडल्या, पण त्यांनी केलेली नोंद मागे राहिली. दंगलीनंतर वृत्तांत लिहायला दुसरे कोणी येईलच. त्याच्या शेजारी ठेवायला आपली नोंद आहे का, हे आपणच स्वतःला विचारायचे आहे.