सागरी व्यवसायशिक्षण, देवबाग-तारकर्ली परिसर

मासेमारी, नौकानयन, स्कूबा डायव्हिंग आणि पर्यटन या व्यवसायांसाठी किनाऱ्यावरच्या तरुणांना मिळणारे शिक्षण. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांमधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर वसले आहे. शेतीला जागा थोडी, त्यात उधाणाने किनारा खचतो. त्यामुळे इथल्या बहुतेक घरांची रोजीरोटी पाण्यावर अवलंबून असते.

या परिसरातली जुनी शाळा म्हणजे रापण. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, अशी ही सामूहिक मासेमारी. पोरगा आधी दोराला हात लावतो, मासळी निवडतो, फाटलेले जाळे विणायला बसतो आणि मग होडीत चढतो. पाण्याचा बदललेला रंग, पक्ष्यांच्या घिरट्या, वाऱ्याची दिशा यांवरून मासळीचा थवा ओळखणे तो जाणत्यांच्या शेजारी उभा राहून शिकतो. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, म्हणून हिशोबही तिथेच शिकून होतो. यांत्रिक नौका आणि थव्याला वेढून टाकणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या स्पर्धेत रापणकरांच्या वाट्याची मासळी घटली. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, पण तोवर अनेक तरुण पर्यटनाकडे वळले होते.

मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रे राज्याच्या किनाऱ्यावर आहेत आणि त्यांतले एक मालवणात आहे. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन हा त्यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. सत्रे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. उमेदवार 18 ते 35 वयाचा, किमान चौथी उत्तीर्ण, पोहता येणारा आणि मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव असलेला लागतो. शाळा थोडी चालेल, पण समुद्र माहीत हवा, ही अट फार शहाणपणाची आहे. मालवणात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शासकीय तंत्रनिकेतनही आहे. मात्र होडीवरच्या मुलाच्या हाताला सर्वात जवळचे शिक्षण मत्स्य केंद्राचेच.

1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे देवबाग-तारकर्लीत न्याहारी-निवास, नौकाविहार, स्नॉर्केलिंग आणि स्कूबा यांचा व्याप वाढला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था उभारली. तिच्या खोल तरणतलावात शिकणारा आधी मास्कमध्ये पाणी शिरू देतो आणि नाकाने श्वास सोडून ते बाहेर काढतो. घाबरून वर धाव घेण्याची सवय अशीच मोडावी लागते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर येताना तो घटतो आणि फुप्फुसातली हवा फुगते. म्हणून श्वास रोखायचा नाही आणि वर सावकाश यायचे, हा पहिला नियम. उंचावलेला अंगठा पाण्याखाली शाबासकीचा नसतो, त्याचा अर्थ 'वर चला' असा असतो. पॅडी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 'ओपन वॉटर'चा टप्पा 18 मीटर खोलीपर्यंतचा. 'डाइव्हमास्टर' व्हायला वय 18 पूर्ण हवे, बचावाचे प्रशिक्षण हवे आणि शेवटी किमान 60 डुबक्यांची नोंद हवी. लहानपणापासून पोहणाऱ्या मुलालाही हे टप्पे एकेक करून चढावेच लागतात.

या प्रशिक्षणाची निकड 24 मे 2022 रोजी दिसली. स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पोहण्याचे कौशल्य आणि इतरांचा जीव सांभाळण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे शिकवूनच येते.

वर्षाचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै, तर जलक्रीडा साधारण 26 मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. हंगामात कमाई बुडवून कोणी वर्गात बसणार नाही. पावसाळ्यात मात्र तरुण रिकामे असतात. प्रथमोपचार, इंजिनदुरुस्ती, हिशोब, पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजी संभाषण आणि तलावातले धडे याच महिन्यांत ठेवले पाहिजेत.

मुलींच्या वाट्याला मासळीविक्री आणि खानावळ एवढेच यावे, असे नाही. शेजारच्या वेंगुर्ल्यात 'स्वामिनी' या महिला बचतगटाने 2017 मध्ये मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. होडी वल्हवण्यापासून कांदळाच्या जाती सांगण्यापर्यंतची कामे बायाच करतात. कर्लीच्या काठीही कांदळवन आहे, तेव्हा हे शिक्षण देवबागच्या मुलींपर्यंत आधी पोहोचायला हवे.

देवबागला जाणाऱ्या वाचकाने होडीत पाय ठेवण्याआधी जीवरक्षक जॅकेट मागून घ्यावे आणि पाण्याखाली नेणाऱ्याचे प्रमाणपत्र पाहावे. गिऱ्हाईक विचारू लागले की शिकलेल्या मुलाला त्याच्या शिक्षणाचे मोल मिळते.