शिलावर्तुळ दफन (विदर्भ)

दगडांच्या वर्तुळाने सीमित केलेले, इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन दफन. ही प्रथा महापाषाणीय लोकांची (→ महापाषाणीय संस्कृती). त्यांच्या दफनभूमी मुख्यतः नागपूर परिसरात एकवटल्या आहेत : जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूर येथे मो. गं. दीक्षितांच्या उत्खननात या काळाचा वसाहतीचा थर लाभला. उत्खननाचा अहवाल 1968 मध्ये प्रसिद्ध झाला (→ कौंडण्यपूर).

वर्तुळ न घडवलेल्या मोठ्या धोंड्यांचे असून आत माती व गोटे यांचा भराव असतो. तळाशी मानवी अस्थी, काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि अकीकाचे मणी मिळतात. माहुरझरीस घोड्याचे अवशेष, त्यासोबत तांब्याचे मुखालंकार आणि लोखंडी लगाम सापडले. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आली; शस्त्रे स्थानिक घडणीची होती, याला तिचा भक्कम आधार मिळतो.

भराव जमिनीलगत असल्याने नांगरट, विहीर, पाया किंवा मुरमाची खोदाई यांत दफने अवचित उघडी पडतात. धोंडे बांधाला किंवा खडीला गेले की वर्तुळाची ओळखच पुसते. अस्थी, भांडी व भराव यांचा परस्परसंबंध एकदा विस्कटला की पुन्हा जुळवता येत नाही. ही हानी वस्तू हरवण्याहून मोठी. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे.

(पहा : इनामगाव, कुंभदफन.)