कोसबाडची टेकडी: मुलांकडे चालत गेलेली शाळा

आपल्यापैकी अनेकजण गावाकडच्या शाळांना दरवर्षी काही ना काही मदत पाठवतो. कधी संगणक, कधी वह्या-दप्तरे, कधी पैसे. मदत पाठवण्यापूर्वी ज्यांचे काम माहीत असायला हवे अशा दोन शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

सुरुवात
ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. पण शहरातली ही पद्धत खेड्यातल्या गरीब मुलांना परवडेल का, हा प्रश्न त्यांना सतावत होता. म्हणून १९४५ साली त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

अडचण आणि उपाय
बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुले येत नसत. त्यांच्या आई-वडिलांना दोष देण्याऐवजी या दोघींनी कारणे शोधली आणि प्रत्येक कारणावर वेगळा उपाय केला.

१. अंगणवाडी: मुले शाळेत येत नाहीत, तर शिक्षिकेनेच वस्तीत जायचे आणि तिथल्याच अंगणात मुलांना जमवायचे. आंघोळ, केस विंचरणे, गाणी, गोष्टी सारे तिथेच.

२. विकासवाडी: मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात.

३. कुरणशाळा: मुलगे दिवसभर गुरे राखत. मग शाळाच कुरणावर गेली. गुरे चरत असताना मुले शिकत.

४. साधने: महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने. तत्त्व तेच, वस्तू मुलांच्या ओळखीच्या.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, अनुताईंनी काम चालवले. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

आपल्यासाठी
आम्ही संगणकवाले आधी ग्राहकाची गरज समजून घेतो, मग प्रोग्रॅम लिहितो. देणगी देताना मात्र हे विसरतो. ज्या शाळेत विजेचा भरवसा नाही किंवा मुली भावंडांमुळे घरीच राहतात, तिथे संगणक धूळ खात पडतो. तेव्हा आधी तिथल्या शिक्षकांना एकच विचारावे: मुले शाळेत का येत नाहीत? उत्तर कदाचित पाळणाघर असेल, कदाचित बसभाडे.

आणि हो, हाच प्रश्न आपल्या रविवारच्या मराठी शाळेलाही लागू पडतो. इथली मुले घरी एक भाषा ऐकतात, शाळेत दुसरी. त्यांना बाराखडीचा कंटाळा येत असेल तर दोष त्यांचा नसावा. त्यांच्या ओळखीच्या वस्तूंपासून, खेळांपासून सुरुवात करून पाहूया. कोसबाडला शिंपले होते, आपल्याकडे लेगोचे ठोकळे आहेत!