फियाटचा स्लो

कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना जोरात होता तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांत पावलापावलावर फियाटचा मिस्त्री बसलेला असायचा. मीही त्यातलाच एक. वालचंद हिराचंदांची ही कंपनी १९४४ ची. आधी क्रायसलरच्या, मग फियाटच्या गाड्या तिने जुळवल्या. १९६४ साली ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं, पण गिऱ्हाइकं आणि आम्ही शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर एक सोलेक्स कार्बोरेटर. टॅक्सीवाल्यांची तक्रार बहुतेक एकच असायची : "मिस्त्री, पळायला मस्त आहे, पण सिग्नलला उभी केली की नुसती हलते. पॅसेंजर विचारतात, रिक्षात बसलोय का?"

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी माझे उस्ताद प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लावायचे. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाला आहे. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. कितीतरी वेळा दोष जळलेल्या पॉइंटमध्ये नाहीतर जास्त आवळलेल्या टॅपेटमध्ये निघायचा आणि शिव्या मात्र बिचाऱ्या कार्बोरेटरला बसायच्या.

तिथे सगळं ठीक असलं, की मग कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यावर, कुपीतून तेलाचे चार थेंब सोडायचे. आवाज क्षणभर सावरला तर समजायचं, पॅकिंगमधून हवा खेचतेय. असं व्हायचं कारण म्हणजे आधीच्या कुणीतरी जीव खाऊन आवळलेले नट. सोलेक्सचं अंग मऊ मिश्रधातूचं, फ्लँजला दोनच कान. ते वाकायचे आणि मध्ये फट पडायची. त्यावर नवं पॅकिंग चढवणं ही निव्वळ मलमपट्टी. उस्तादांकडे शोकेसच्या जाड काचेचा तुकडा होता. त्यावर पॉलिश पेपर अंथरायचा, फ्लँजवर पेन्सिलीच्या आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात हलक्या हाताने घासत राहायचं. कडेच्या रेघा आधी गेल्या आणि मधल्या तशाच राहिल्या, तर काम अजून बाकी आहे. सगळ्या पुसल्या गेल्या की फ्लँज सपाट. थ्रॉटलची दांडी झिजून हवा घेत असेल तर ते काम लेथवाल्याचं, त्याला बुश बसवावा लागे. स्लोचा, म्हणजे गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या संथ चालीचा, जेट फक्त फुंकून साफ करायचा. त्यात तार खुपसणाऱ्याला उस्ताद दुकानाबाहेर काढायचे, कारण भोक एकदा मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते.

हे सगळं झाल्यावर राहतो तो मिक्श्चर स्क्रू. रस्त्यावर पळताना इंजिनाला वजनाने एक भाग पेट्रोलला पंधराएक भाग हवा चालते; स्लोला मात्र बारा-तेरा भागांवरच ते सुखात असतं. सोलेक्समध्ये स्क्रू आत नेला की स्लोचं पेट्रोल कमी होतं. हात माझा असला, तरी हा स्क्रू किती फिरायचा ते कायम दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं, असं मला आता वाटतं.

पहिल्यांदा ते ठरवलं अरबस्तानाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं आणि टॅक्सीवाले म्हणू लागले, "अजून पाव चक्कर आत." स्लो इतका खाली यायचा की डायनामोचा लाल दिवा पेटलेला आणि हेडलाइट पिवळे. स्टँडवर तर इंजिन बंद करून गाडी हातानेच पुढे ढकलायची रीत होती.

दुसऱ्यांदा ठरवलं पीयूसीने. चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंतच चालेल, असा नियम आला. आणि ही तपासणी गाडी स्लोला उभी असतानाच व्हायची! मग स्क्रू आत, सर्टिफिकेट हातात, आणि तीच गाडी पुढच्या वळणावरून परत माझ्याकडे : "आता होती तशी करा." हवा किती सुधारली देव जाणे, माझा धंदा मात्र सुधारला.

तिसरा फेरा सीएनजीचा. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सींना किट बसू लागले. गॅस कार्बोरेटरच्या तोंडावरच्या मिक्सरमधून आत जायचा आणि स्लोचा स्क्रू थेट रेग्युलेटरवर गेला. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल वापराविना सुकून तपकिरी राळ व्हायचं, आणि कधी पेट्रोलवर चालवायची वेळ आली की गाडी खोकायची. शेवटची नोंदणीकृत फियाट टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुदत संपून रस्त्यावरून गेली.

आता येतात ते हौशी मालक. रंग चकाचक, सीटा नव्या, आणि तक्रार तीच जुनी. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, वजनाने नऊ भागांच्या आसपास. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं आणि स्लो लंगडतो. शिवाय जुने रबरी पाइप आणि पेट्रोलपंपाचा पडदा फुगून जातात, ते आधी बदलावे लागतात. मग गाडी गरम करून मी तोच स्क्रू पाव-पाव चक्कर बाहेर काढतो. पीयूसीनंतर होता तसा करणं सोडलं, तर माझ्या हयातीत पहिल्यांदाच तो बाहेरच्या बाजूला फिरतोय.