जपानी गाण्यांच्या भेंड्या

पावसाळ्याच्या संध्याकाळीं घरांत अडकून पडलेली मंडळी महाराष्ट्रांत गाण्यांच्या भेंड्या लावतात. एकानें म्हटलेल्या गाण्याचें शेवटचें अक्षर दुसऱ्यानें उचलावयाचें आणि त्या अक्षरापासून नवें गाणें सुरू करावयाचें, एवढाच काय तो नियम. परंतु त्या नियमापायीं विसरलेलीं गाणीं ओठांवर येतात, आणि 'ण' किंवा 'ळ' वांट्याला आला म्हणजे भलेभले हात टेकतात. जपानी लोकांतहि याच जातीचा एक खेळ आहे. त्याचें नांव 'शिरितोरी', म्हणजे मागचें टोंक पकडणें. मुलें तो नुसत्या शब्दांनीं खेळतात. कराओकेच्या खोलींत जमलेली मित्रमंडळी तोच गाण्यांच्या नांवांनीं खेळतात. एका गाण्याचें नांव ज्या अक्षरानें संपेल, त्या अक्षरानें सुरू होणाऱ्या नांवाचें गाणें पुढच्यानें निवडावयाचें आणि तें गाऊन दाखवावयाचें.

या खेळाची कल्पना जुनी आहे. जपानी वाङ्मयांत 'मोजिगुसारी', म्हणजे अक्षरांची सांखळी, नांवाचा एक रचनाप्रकार आढळतो. मुरासाकि शिकिबु या विदुषीनें अकराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीचे अध्याय ५४. त्यांचीं नांवें अशाच एका सांखळींत ओवलेलीं आहेत. एका चरणाचें शेवटचें अक्षर तेंच पुढच्या चरणाचें पहिलें. पाठांतराला याहून सोयीची युक्ति सांपडणें कठीण.

या जुन्या सांखळीला यंत्राची जोड मिळाली ती मात्र अलीकडे. १९६७ सालीं टोकियोंत शिगेइची नेगिशी यांनीं गाण्याला साथ करणारें एक यंत्र तयार केलें. १९७१ सालीं कोबे शहरांत दाइसुके इनोउए यांनीं तसेंच यंत्र स्वतंत्रपणें बनविलें. मद्यगृहांतील गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणें हा इनोउए यांचा व्यवसाय. त्यांनीं प्रथम ११ यंत्रें भाड्यानें दिलीं आणि पेटंट मुळींच घेतलें नाहीं. १९८५ सालीं ओकायामा भागांत मालवाहू लोखंडी पेटाऱ्याची गाण्याची खोली करण्यांत आली, आणि मद्यगृहांतील ही करमणूक विद्यार्थ्यांच्या व कुटुंबांच्याहि आटोक्यांत आली. परक्यांसमोर गाण्याचा संकोच गेला, आणि गाण्यांचे खेळ खेळण्यास जागा मिळाली.

खोलींत गाण्यांची एक जाडजूड सूची असे. पुढें तिची जागा विजेच्या पाटीनें घेतली. सूचीचा क्रम मराठी श्रोत्यांना परका वाटूं नये. प्रथम अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत मंत्रांच्या अध्ययनाबरोबर भारतीय वर्णमालेची व्यवस्था बौद्ध भिक्षूंच्या परंपरेंतून जपानांत पोंचली, तिचेंच हें रूप होय.

खेळणाऱ्याची खरी परीक्षा दोन अक्षरांपाशीं होते. पहिलें अक्षर 'न्'. जपानी शब्द या अक्षरानें संपूं शकतो, पण सुरू होऊं शकत नाहीं. म्हणून 'न्'वर संपणारें नांव घेणारा तत्क्षणीं हरतो. प्राचीन जपानी भाषेंत हा वर्ण नव्हता. ४७ अक्षरें एकेकदांच योजून रचलेल्या 'इरोहा' या प्रसिद्ध कवितेंतहि त्याला स्थान नाहीं. चीनहून आलेल्या शब्दांमुळें आणि उच्चारांच्या पालटामुळें तो रुजला. तो किती दगा देतो पाहा. डिसेंबर १९७५ मध्यें निघालेलें 'ओयोगे! ताइयाकि-कुन' हें मुलांचें गाणें. त्याच्या ४५ लाखांहून अधिक ध्वनिमुद्रिका खपल्या, आणि जपानांत आजवर सर्वांत अधिक खपलेली एकगीती मुद्रिका ती हीच. परंतु नांवाच्या शेवटीं 'न्' असल्यामुळें या खेळांत तें निरुपयोगी. केन्शि योनेझु यांच्या २०१८ सालच्या 'लेमोन'ची गतहि तीच.

दुसरें अक्षर 'रु'. मूळच्या जपानी शब्दांच्या आरंभीं र-वर्ण जवळजवळ येतच नसे. म्हणून शेजाऱ्याला वारंवार 'रु' देऊन जेरीस आणणें हा या खेळांतला मुरलेला डाव आहे. त्यांतून परकी शब्दाच्या शेवटीं 'ल' असला कीं जपानी जीभ त्याचा 'रु' करते. योआसोबि या जोडीचें २०२३ सालचें 'आयडॉल' हें गाणें जपानी लिपींत 'आइदोरु' होतें आणि पुढच्याला संकटांत टाकतें. त्याला तारतें तें अकिरा तेराओ यांचें १९८१ सालचें 'रुबी नो युबिवा', म्हणजे माणकाची अंगठी. 'रुबी' हा शब्दहि परकाच. परक्या शब्दानें घातलेला पेंच परक्याच शब्दानें सुटतो.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. पण याच शब्दांना हद्दपार करण्याचा प्रयत्न जपानी राजसत्तेनें एके काळीं केला होता. १९४० सालीं गृहखात्यानें डिक मिने या लोकप्रिय गायकाला परकी वळणाचें नांव टाकावयास लावलें. जानेवारी १९४३ मध्यें सुमारें एक हजार अमेरिकन व ब्रिटिश गीतांवर बंदी आली. खेळाच्या मैदानावरचेहि इंग्रजी शब्द बदलले गेले. मग युद्ध संपलें, आणि १९४८ च्या आरंभीं र्‍योइची हात्तोरि यांच्या चालीवर शिझुको कासागि यांनीं गाइलेली मुद्रिका बाजारांत आली. तिचें नांव होतें 'टोकियो बुगिउगि'. पांच वर्षांपूर्वीं ज्या संगीताचें नांव काढण्याची चोरी होती, तें राजधानीच्या नांवाला जोडून लोक उघडपणें गाऊं लागले.

याच नांवापासून सांखळी धरली तर? शेवटीं 'गि' आहे; म्हणून १९४९ सालचें 'गिंझा कानकान मुसुमे'. त्याच्या शेवटीं 'मे'. म्हणून तारो शोजि यांचें १९३९ सालचें 'मेइगेत्सु आकागियामा'. त्याच्या शेवटीं 'मा'. म्हणून कियोहिको ओझाकि यांचें १९७१ सालचें 'माता आउ हि मादे', म्हणजे 'पुन्हा भेटूं त्या दिवसापर्यंत'. चार नांवांत युद्धापूर्वींचा काळ, पराभवानंतरचीं वर्षें आणि कोबेच्या यंत्राचें जन्मसाल, सारीं येऊन गेलीं. आणि तींहि इतिहासाच्या क्रमानें नव्हेत, तर अक्षर नेईल तशीं.

गाणें निवडणाऱ्याला आणखीहि पुष्कळ पाहावें लागतें. योको ओगिनोमे यांच्या १९८५ सालच्या 'डान्सिंग हीरो'चा शेवट लांबविलेला. त्याचें पुढचें अक्षर 'रो' धरावें कीं 'ओ', याचा निवाडा आधींच झालेला बरा. क्यु साकामोतो यांचें १९६१ सालचें 'उए ओ मुइते आरुको' १९६३ सालीं अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोंचलें. जपानी लिपींत त्या नांवाचा आरंभ 'उ' आणि शेवटहि 'उ'. म्हणून तें गाणारा मिळालेलें अक्षर जसेंच्या तसें शेजाऱ्याच्या पदरांत घालतो. शिवाय नांव जुळलें तरी सूर झेपला पाहिजे. कारण येथें नांव घेऊन सुटका नाहीं, गावेंहि लागतें.

एरवीं प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यांतलींच गाणीं गात बसते. या खेळांत तसें करून भागत नाहीं. २०२३ सालचें गाणें गाणाऱ्या मुलीनें 'रु' पुढें केला, कीं १९८१ सालीं तरुण असलेल्या गृहस्थांना पुढें सरावें लागतें. आणि त्यांनीं गाइलेलें गाणें ती मुलगी कदाचित् प्रथमच लक्ष देऊन ऐकते. 'कराओके' या शब्दाची घडणहि अशीच जोडलेली आहे. 'कारा' म्हणजे रिकामें, हा शब्द घरचा. 'ओके' हा 'ऑर्केस्ट्रा'चा तोडलेला तुकडा, तो बाहेरचा. वाद्यवृंद आहे, गायकाची जागा तेवढी रिकामी आहे. ती कोणीं भरावयाची, हें मागच्याच्या गाण्याचें शेवटचें अक्षर ठरवितें.